एक काना कमी

माझा जन्म एका आलिशान हॉटेलच्या बारमध्ये झाला. ही अतिशयोक्ती नाही. पत्रकं लिहून लिहून हात बिघडला असला, तरी पहिल्याच वाक्यात थाप मारायची इतकी काही मी कोडगी नाही. फरक एवढाच, की मी जन्मले तेव्हा तिथे बार नव्हता, बाळंतपणाची खोली होती. आता नेमक्या बाळंतपणाच्या टेबलाच्या जागी उंच स्टुलं मांडली आहेत आणि संध्याकाळी सहा ते आठ एका पेल्यावर एक पेला फुकट मिळतो. आमच्या आयांना तिथे चहासुद्धा घरून थर्मासमधून न्यावा लागे.

वसई गावातून पापडीकडे निघालं की डाव्या हाताला ती दगडी इमारत लागते. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने हवापालटासाठी बांधलेली. पुढे वारस आपसांत भांडले, आणि एका डॉक्टरीणबाईंनी ती भाड्याने घेऊन प्रसूतिगृह काढलं. भुईगावपासून आगाशीपर्यंतच्या वाडीवाल्यांच्या, किरिस्तावांच्या, मिठागरवाल्यांच्या आणि आमच्यासारख्या मुंबईत नोकरी करून इथे भाड्याने राहणाऱ्यांच्या बायका तिथे एकाच रांगेत ओरडल्या. एवढी समता नंतर मला कुठल्याच चळवळीत दिसली नाही.

बाई वारल्या, प्रसूतिगृह बंद पडलं, काही वर्षं वटवाघळांनी तिथे संसार केले. मग एका शेठने इमारत घेतली आणि तिथे 'हेरिटेज' हॉटेल झालं. माहितीपत्रकात छापून आलं की हा एका पोर्तुगीज कप्तानाचा चारशे वर्षं जुना महाल आहे. इमारतीच्या माथ्यावर बांधकामाचं साल कोरलेलं होतं, ते बरंच अलीकडचं होतं. त्याच्यावर त्यांनी एक पितळी कंदील बसवला. प्रकाश पाडायला नव्हे, झाकायला लावलेला मी पाहिलेला तो एकमेव कंदील.

हॉटेल खोल्या विकत नव्हतं, 'अनुभव' विकत होतं. जुन्या काळाचा अनुभव, शांततेचा अनुभव, चांदण्यात जेवणाचा अनुभव. आमच्या गल्लीत तेव्हा दिवसाआड पाणी येई, तेही अर्धा तास, तेही आलं तर. अनुभव आम्हाला फुकटच मिळत होते.

हे सगळं मी सोसलं असतं. गावचं पाणी आणि झाडं राखायला आमची समिती होती, तिच्यापुढे विहिरी उपसून नेणारे टँकर होते, बुजवलेली बावखलं, म्हणजे वाड्यांमधली तळी होती, रस्त्यासाठी छाटलेल्या वाड्या होत्या. एका हॉटेलासाठी कोण वेळ काढणार. पण शेठला पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव हवा झाला, आणि तो मागच्या अंगणात, जिथे जांभळीचं मोठं झाड होतं, तिथेच हवा झाला. अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. ही बातमी मी घरी जेवताना सांगितली, तेव्हा आईचा हात ताटात थांबला.

"त्या जांभळीचं काय करणार?" तिने विचारलं.

"तोडणार. दुसरं काय."

आई ताट उचलून मोरीकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते, तर म्हणाली, "तुमच्या त्या समितीत ह्याचं काहीतरी करा."

माझी आई समितीला 'ती तुमची रिकामटेकडी मंडळी' म्हणायची. उभ्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. झाड वाचवणं भाग होतं.

आता झाडासाठी कोण रस्त्यावर येतं? झाडं तर रोज पडत होती. काहीतरी टोकदार हवं होतं, आणि ते मला आठवलं. प्रसूतिगृहात एक आयामावशी होत्या. बाळाची नाळ आणि वार बाहेर टाकायची त्यांची तयारी नसे. डॉक्टरीणबाई म्हणत, पेटीत टाका, गाडी घेऊन जाईल. मावशी म्हणत, "ते काय केळीचं साल आहे?" आणि कुदळ घेऊन मागे जात. गावातल्या कुणालाही विचारा, तुझी नाळ कुठे पुरली, तर जांभळीखाली. हिंदू असो, किरिस्ताव असो. त्या झाडाला दरवर्षी एवढी जांभळं का लागतात, याचं हे कारण आम्ही पोरं एकमेकांना सांगत असू आणि तरी ती खात असू.

मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा: 'अर्ध्या गावाची नाळ इथे पुरली आहे!' खाली मजकूर: 'जन्मल्याबरोबर आमची जी नाळ कापली गेली, ती याच मातीत आहे. शेठजी, या जमिनीला कुदळ लावून तर बघा. रविवारी सकाळी दहा वाजता मोठ्या संख्येने उपस्थित राहा.' लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की प्रूफ बघायला गेलेच नाही. तो वेळ मी दोन टँकरवाल्यांशी भांडण्यात घालवला.

आमचा छापखाना एका निवृत्त मराठीच्या गुरुजींचा होता. नव्यानेच त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर टाइप करायला एक ऑपरेटर ठेवला होता. ऑपरेटरने मथळ्यातला एक काना खाल्ला. 'नाळ'चा 'नळ' झाला. 'अर्ध्या गावाची नळ इथे पुरली आहे.' इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. वाचणाऱ्याने समजून घेतलं असतं, की ही चूक आहे. पण गुरुजींनी प्रूफ वाचलं. निवृत्त होऊनही मनाने शाळेतच असलेला तो माणूस. नळ पुल्लिंगी, हे त्यांच्या डोळ्यांना खुपलं. त्यांनी लाल शाईने ओळ दुरुस्त केली आणि ऑपरेटरला बजावलं, की पुढेही सगळीकडे एकसारखं करा.

छापून आलं ते असं: 'अर्ध्या गावाचा नळ इथे पुरला आहे! जन्मल्याबरोबर आमचा जो नळ कापला गेला, तो याच मातीत आहे.'

गठ्ठे वाटले गेल्यावर मी पहिल्यांदा वाचलं. गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "व्याकरणाची एक मोठी चूक होती, बाळ, मी वेळीच पकडली."

रविवारी मी तोंड लपवतच हॉटेलच्या फाटकावर गेले. आमच्या समितीच्या सभांना नेहमी अकरा माणसं येत, त्यातली सात समितीचीच. त्या दिवशी रस्ता भरला होता. बायका हंडे घेऊन आल्या होत्या, कळशा घेऊन आल्या होत्या, एकीने तर रिकामा पिंप रिक्षात घालून आणला होता. आपला नळ या हॉटेलवाल्याने कापून अंगणात पुरून ठेवला आहे, हे त्यांना पटलं होतं. इतकी वर्षं पाणी का येत नाही, याचा खुलासा एवढ्या सोप्या भाषेत त्यांना कुणी केलाच नव्हता. मी जरा उंचावर उभी राहून खरा प्रकार सांगू लागले. नाळ, माती, नातं वगैरे. पुढे उभी असलेली मिठागराकडची एक बाई थोडा वेळ ऐकत राहिली, मग हंडा या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "बाय, ते माती नि नातं मागून बोल. पानी कवा येनार ते सांग आधी."

मी खाली उतरले. पत्रक लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी हे वाक्य अंगावर घ्यावं.

पण झालं काय, की शेठ घाबरला. गर्दीला नव्हे, नळाला. तलाव खोदताना गावाची पाइपलाइन फुटली, तर हेच हंडे डोक्यात बसतील, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने काम थांबवून पाणीपुरवठ्याच्या कचेरीकडे दाखला मागितला, की या जागेखाली पाइप नाही. आता आमच्याकडे पाइप आहे की नाही, हे कुठल्या कचेरीला माहीत असतं? जुने नकाशे कुणी पाहिलेले नव्हते. पाइप आहे असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं, नाही असं लिहून द्यायला तर मुळीच नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. ज्या कारभाराला मी जन्मभर शिव्या घातल्या, तो पहिल्यांदाच आमच्या बाजूने लढत होता, आणि तोही काहीच न करता.

दोन आठवड्यांनी हॉटेलच्या मॅनेजरचं पत्र आलं. तो पुण्याचा होता, हे पत्राच्या पहिल्या ओळीवरून कळत होतं. 'आपल्या समितीच्या दोन प्रतिनिधींनी एक दिवस आमचा पाहुणचार स्वीकारावा, वास्तूचा अनुभव घ्यावा व गैरसमज दूर करावेत.' समितीत दोन तास खडाजंगी झाली. मी म्हणाले, ही लाच आहे, आणि तीसुद्धा नाश्त्यासकट. उत्तर म्हणून जाहीर निषेधाचा मसुदाही मी लिहिला. घरी आले तर आई म्हणाली, "मी जाते."

"तू समितीत नाहीस."

"मग तूही चल. दोन माणसं बोलावलीत ना?"

शनिवारी दुपारी आम्ही पाहुण्या म्हणून फाटकातून आत गेलो. आईने ठेवणीतली इरकल नेसली होती. माझ्या झोळीत उरलेली पत्रकं होती, आणि ती झोळी एका गणवेशातल्या माणसाने माझ्या हातातून काढून घेऊन दोन्ही हातांवर अशी धरली की जणू आत नवजात बाळ आहे. मी ती परत ओढली. त्याने पुन्हा घेतली. जिन्यापर्यंत आमचं हेच चाललं होतं. आई मात्र सराईतासारखी खुर्चीत बसली, त्यांनी दिलेल्या ओल्या रुमालाने हात पुसले, घडी घालून तबकात ठेवला.

काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पुढे सरकवत गोड आवाजात विचारलं, "आमच्याकडे पहिल्यांदाच राहायला येताय ना, मॅडम?"

"नाही," आई म्हणाली. "चौथ्यांदा."

मुलगी हसली. मी मनात मोजलं. माझ्या वेळी एकदा. धाकट्या भावाच्या वेळी एकदा. आजचं धरून तीन. आईचं गणित कधी चुकत नाही. पण म्हटलं, असेल, तपासण्यांसाठी वगैरे राहिली असेल कधी.

मॅनेजरने जातीने सगळं हॉटेल दाखवलं. तो सभ्य माणूस होता, हे मला फार जड गेलं. कप्तान घोड्यावरून कुठून आत यायचा, त्याच्या बायकोने कुठल्या खिडकीतून समुद्र पाहिला, हे तो सांगत होता आणि आई मान डोलवत मध्येच म्हणायची, "हो, इथे लघवीची भांडी ठेवायचे." कप्तानाच्या शस्त्रागारात बाळंतिणींच्या शेकाच्या शेगड्या होत्या. कप्तानाच्या दरबारात, म्हणजे आताच्या जेवणघरात, बारा खाटा. बारपाशी आल्यावर आई थबकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इथे. डोकं त्या बाटल्यांकडे." स्टुलावर बसलेल्या एका गोऱ्या पाहुण्याने मला ग्लास उंचावून नमस्कार केला.

खोलीत पलंगावर सात उशा होत्या. त्या काढून ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी त्या खुर्चीवर रचल्या आणि स्वतः जमिनीवर बसले. न्हाणीघराला काचेची भिंत होती. एवढे पैसे मोजून माणसाने एकमेकांची अंघोळ का बघायची, याचा मी बराच विचार केला. टबमध्ये आमच्या गल्लीचं एका पाळीचं पाणी मावलं असतं. मी नळ सोडून पाहिला. धो धो. बंद केला. पुन्हा सोडून पाहिला. लाज वाटून बंद केला. जेवणात गोड म्हणून चांदीच्या वर्खात गुंडाळलेलं काहीतरी आलं, त्याला भलंमोठं परदेशी नाव होतं. आईने चावून पाहिलं आणि म्हणाली, "सुकेळी आहे. आगाशीची दिसते." मॅनेजरने मान्य केलं, की आगाशीचीच वाळवलेली केळी आहेत.

साडेचारला आई म्हणाली, "चल, मागे जाऊ."

मे महिना संपत आला होता. झाड जांभळांनी काळं झालं होतं, चुन्याच्या रेघांवर निळेजांभळे डाग पडले होते. आईने एक वेताची खुर्ची ओढून मुळाच्या डाव्या बाजूला, जुन्या विहिरीकडे तोंड करून ठेवली आणि बसली. वेटरला तिथेच चहा आणायला सांगितलं. इतक्या सहज, की जणू ती खुर्ची कायम तिचीच होती.

मग तिने सांगितलं. माझ्या आधी एक झालं होतं. दोन तास होतं. बाबा चर्चगेटच्या कचेरीत, त्यांना निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सासरी सांगितलं गेलं, की नाव ठेवलेलं नाही, त्याचं काही करायचं नसतं, बोलायचंही नसतं. आयामावशींनी उचलून इथे आणलं आणि संध्याकाळी खाटेपाशी येऊन हळूच जागा सांगितली: मुळाच्या डावीकडे, विहिरीच्या अंगाला. शेजारच्या खाटेवर भुईगावची एक किरिस्ताव बाई होती. तिचंही त्याच आठवड्यात गेलं, बाप्तिस्म्याच्या आधी. तेव्हा अशा बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. तिचंही इथेच, जरा पलीकडे. "आम्ही दोघी दर वर्षी भेटायचो," आई म्हणाली. "जांभळांच्या दिवसांत."

दर वर्षी आई प्रसूतिगृहातून पिशवीभर जांभळं आणायची. आम्ही दोघं भावंडं जिभा जांभळ्या करून खायचो. ती स्वतः एकही खात नसे. आम्ही म्हणायचो, आईला आवडत नाहीत, तरी आपल्यासाठी आणते.

तिची चौथी वेळ आता जुळली.

आता माझी लाज सांगते. आई बोलत होती आणि माझ्या डोक्यात मथळा तयार होत होता. खरंच होत होता. मोठ्या टायपात, काळ्या चौकटीत. या एका पत्रकाने शेठ जन्मात पुन्हा वसईत तोंड दाखवणार नाही, हे मला दिसत होतं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"छापायचं नाही," ती म्हणाली.

"आई, पण झाड—"

"झाड राहायला हवं. आणि छापायचंही नाही. एवढी हुशार आहेस, तर बघ."

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याच्या एका हातात पाहुण्यांनी भरायचा अभिप्रायाचा कागद होता, दुसऱ्या हातात माझं पत्रक, नीट घडी घातलेलं. तो खुर्ची ओढून बसला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, की त्याने हे पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्याला एक शंका आली. जन्मल्याबरोबर कापतात तो नळ कसा असेल? एवढं बारकाईने मराठी वाचणारा एकुलता एक वाचक मला मिळाला, तो हॉटेलवाला निघाला.

"इथे काना राहिलाय का, मॅडम?" त्याने विचारलं. राहिला असेल, तर मी तसं दोन ओळींत लिहून द्यावं. त्या कागदावर कचेरीतून दाखला मिळेल. तलावही होईल आणि एका कोपऱ्यात प्रसूतिगृहाच्या आठवणीचा छानसा फलकही लावू.

आमच्या समितीचा एकच नियम होता, आणि तो मीच लिहिला होता: पत्रकात खोटं छापायचं नाही, चुकलं तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक. टँकरवाल्यांनी फेकलेले दगड मी याच नियमाच्या जोरावर खाल्ले होते. इथे शुद्धिपत्रक समोर होतं, फक्त एक काना परत करायचा होता. आणि तो परत केला की मुळाच्या डाव्या बाजूला कुदळ पडणार होती.

मी गप्प बसले. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, हे घडू शकतं यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

मॅनेजरने मग आईकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा. नाळ की नळ?"

आईने कप खाली ठेवला. "ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा," ती म्हणाली. "पुरलंय, एवढं खरं आहे."

त्याने पत्रक खिशात ठेवलं. त्याच्या काय लक्षात आलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तो खुर्चीवरून उठला, तेव्हा दोन पावलं उजवीकडून वळसा घालून गेला. अभिप्रायाचा कागद त्याने आईला दिला. त्यात खोली, जेवण, स्वच्छता यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. आईने सगळीकडे पाच दिले, उशांपुढे 'फार आहेत' लिहिलं, आणि खाली 'सूचना' होतं तिथे लिहिलं, 'मागची खुर्ची तिथेच ठेवावी.'

मी शुद्धिपत्रक काढलं नाही. समितीत सांगितलं, की चर्चा निष्फळ. माझ्या नियमाशी मी स्वतः केलेली एवढीच बेइमानी, आणि तिचा पश्चात्ताप अजून झालेला नाही. कचेरीतली फाइल कुठल्याशा टेबलाखाली कायमची झोपली. शेठला शेवटी मॅनेजरनेच पटवलं, की तलाव पुढच्या बाजूला, पाहुण्यांना दिसेल असा करावा. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तर कमालच झाली. मागच्या अंगणातल्या प्राचीन जांभळीखालून कप्तानाने बांधलेला चारशे वर्षं जुना नळ जातो, तेव्हा पाहुण्यांनी तिथे खणू नये, असं त्यात छापून आलं. विदेशी पाहुणे त्या जागेचे फोटो काढतात. काहीजण कान लावून पाणी ऐकतात आणि ऐकू आलं म्हणतात. गल्लीत आमच्याकडे अजून दिवसाआडच येतं.

वेताची खुर्ची मुळाच्या डाव्या बाजूला आहे. मे महिन्यात आई जाते. फाटकावरचा पहारेकरी वहीत नाव लिहून घेतो आणि 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'जांभळं' लिहितो.

हे सगळं मी तिला विचारून लिहिलं. नावं नकोत, एवढंच ती म्हणाली. मग लिहिलेलं वाचायला मागितलं, आणि पेन्सिल घेऊन बसली. शुद्धलेखन तिने तपासलं नाही. मी तीन-चार ठिकाणी 'ते बाळ' असं लिहिलं होतं. तिने प्रत्येक ठिकाणी ते खोडून वर बारीक अक्षरात 'ताई' लिहिलं. पहिल्या ठिकाणी मला वाटलं, चूक झाली, ताई कोण. मग कळलं, की माझी.

त्या ओळी मी इथून काढून टाकल्या आहेत. तो पेन्सिलीचा कागद माझ्याकडे आहे, आणि तो गुरुजींच्या छापखान्यात जाणार नाही.